व्यथेचे खासगीपण : मिल्सची संकल्पना आणि मराठी दलित आत्मकथने

सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा ‘द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन’ हा ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने केलेला एक भेद पुढे समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून इतका रुळला की, त्यामागचा वादाचा सूर आता फारसा कोणाला ऐकू येत नाही. व्यक्तिगत व्यथा आणि सार्वजनिक प्रश्न यांतील हा भेद होय. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याच्या बेकारीचा उलगडा त्याच्या स्वभावात, कौशल्यात, त्याला उपलब्ध असलेल्या संधींत शोधता येईल. परंतु पाच कोटी नोकरदारांच्या राष्ट्रात दीड कोटी माणसे बेकार असतील, तर स्वभावाची चिकित्सा करून काहीच हाती लागणार नाही, कारण तेथे संधींची रचनाच कोसळलेली असते. विवाहाविषयीही त्याने असेच उदाहरण दिले आहे. एखाद्या जोडप्याचे न पटणे ही त्यांची व्यथा. पण पहिल्या चार वर्षांत दर हजारी अडीचशे विवाह मोडत असतील, तर विवाहसंस्था आणि तिच्यावर दाब टाकणाऱ्या इतर संस्था यांच्याकडेच पाहावे लागते. चरित्र आणि इतिहास यांचा छेदनबिंदू समाजरचनेत शोधण्याची ही मनाची क्षमता मिल्सला अभिप्रेत होती, आणि ती समाजशास्त्रज्ञांची मिरास आहे असे तो मानीत नव्हता. कादंबरीकार, पत्रकार, कलावंत यांच्याही ठायी ती असू शकते, किंबहुना त्यांच्याकडून तिची अपेक्षा केली जाते, हे त्याने आरंभीच नोंदवून ठेवले आहे.

मराठीत या संज्ञेचा निर्देश करताना पुष्कळदा ‘समाजशास्त्रीय दृष्टी’ असा पर्याय वापरला जातो. तो सोयीचा असला तरी त्यात मूळ संज्ञेतील मर्म हरवते. ‘दृष्टी’ ही एकदा आली की कायमची आली असे वाटते. चष्म्यासारखी ती कोणत्याही कलाकृतीवर चढविता येते. मिल्सने ‘इमॅजिनेशन’ हा शब्द योजला तो अगदी दूरच्या, व्यक्तिनिरपेक्ष घडामोडींपासून माणसाच्या अत्यंत खासगी अशा अनुभवापर्यंत पुन:पुन्हा ये-जा करण्याची हालचाल सुचविण्यासाठी. या हालचालीत परतीचा प्रवासही आहे. मराठी समीक्षेने जाण्याचा प्रवास स्वीकारला, परतीचा मात्र बहुधा टाळला.

विद्यापीठीय संशोधनात याचा प्रत्यय वारंवार येतो. दलित आत्मकथनांवरील प्रबंधांचा एक साचा आता पक्का झाला आहे : एक प्रकरण सामाजिक जीवनाच्या चित्रणाचे, एक आर्थिक जीवनाचे, एक श्रद्धा-अंधश्रद्धांचे, एक स्त्रीजीवनाचे आणि शेवटी भाषाविशेषांचे. भुकेचे प्रसंग एका यादीत, अपमानाचे दुसऱ्या यादीत. लेखकाचे आयुष्य म्हणजे जणू एखाद्या पाहणीचा भरून आलेला फॉर्म! मिल्सने आपल्या काळातील समाजशास्त्राच्या दोन विकृतींवर टीका केली होती : अनुभवाचा स्पर्शच न झालेली भव्य सिद्धांतबांधणी आणि कोणताही प्रश्न मनात न बाळगता केलेली अमूर्त तथ्यगोळणी. आपल्याकडे या दोन्ही विकृती एकाच प्रबंधाच्या पुठ्ठ्यांत सुखाने नांदतात. पहिल्या प्रकरणात सिद्धांत आणि उरलेल्यांत याद्या.

साच्याची ही तक्रार जुनीच आहे. तिच्या मुळाशी असलेले एक गृहीत मात्र अधिक तपासण्याजोगे आहे. मिल्सच्या मांडणीत माणूस आपली व्यथा प्रथम खासगी म्हणून अनुभवतो. आपण अडकलो आहोत एवढे त्याला जाणवते, पण कशात अडकलो ते त्याला दिसत नाही. ते दाखविणे हे समाजशास्त्रीय प्रतिभेचे कार्य. म्हणजे आरंभबिंदू खासगी आणि गंतव्य सार्वजनिक. हा क्रम सर्व समाजांत, सर्व माणसांच्या बाबतीत खरा असतो काय?

मराठी आत्मचरित्राच्या एका प्रवाहाबाबत तो बव्हंशी खरा ठरतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४-३७) उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आणि त्यानंतर वडिलांच्या मनात शिरलेले सोवळ्याचे वेड ही हकीकत लक्ष्मीबाई ज्या खेळकरपणे सांगतात, त्यामुळे वाचकाला ती एका विक्षिप्त गृहस्थाची कथा वाटते. घरातल्यांना जाच होतो, तो वडिलांच्या स्वभावाचा. त्या स्वभावामागे राजकीय उलथापालथ आहे, शुद्धाशुद्धतेची शतकानुशतकांची व्यवस्था आहे आणि तिच्या रक्षणाची भयग्रस्त धडपड आहे, हे निवेदनातच सूचित होत असले तरी त्याचा विस्तार वाचकाला करावा लागतो. येथे मिल्सचा मार्ग सरळ आहे. समाजरचना स्वभावाचे रूप घेऊन घरात वावरते आणि समीक्षक तिचा मुखवटा दूर करतो. सवर्ण आत्मचरित्रकाराला समाजरचना ‘स्वभाव’ म्हणून अनुभवण्याची मुभा होती, असेही याचे वर्णन करता येईल.

दलित आत्मकथनाच्या प्रवाहात ही मुभाच नाही. पुस्तकांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. धोंडो केशव कर्वे आपल्या ग्रंथाला ‘आत्मवृत्त’ (१९१५) म्हणतात, रमाबाई रानडे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) सांगतात, लक्ष्मीबाई स्मृतींची चित्रे रेखाटतात. आत्म, आयुष्य, स्मृती ही सारी व्यक्तीच्या अंत:करणाशी निगडित नावे आहेत. उलट दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही नावे समाजाने बहाल केलेल्या स्थानाची आहेत. बलुतं म्हणजे वंशपरंपरेने करावयाच्या गावकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा. अक्करमाशी या शब्दात तर तोळ्याच्या बारा माशांपैकी एक उणा असल्याचा हिशेबच आहे. जन्माची तूट तेथे सोनाराच्या काट्यावर मोजलेली आहे. या लेखकांना आपली व्यथा सार्वजनिक असल्याचा शोध लावावा लागलेला नाही. ती जन्मत:च सार्वजनिक होती. गावाने ती चावडीवर उच्चारली होती, शाळेने हजेरीपटात नोंदविली होती. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत तर वसाहतीच्या सरकारने १८७१ च्या कायद्याने तिला पोलिसांच्या दप्तरात नेऊन बसविले होते आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

तेव्हा येथे प्रश्न उलटा आहे. ज्याचे सारे आयुष्यच सार्वजनिक प्रश्न म्हणून जाहीर झाले आहे, त्याने स्वत:ची अशी एखादी व्यथा कोठून मिळवावी? या लेखनाला ‘आत्मचरित्र’ म्हणावे, ‘आत्मकथन’ म्हणावे की ‘स्वकथन’, हा मराठीत दीर्घकाळ चाललेला वाद केवळ वर्गीकरणाचा नव्हता. ‘स्व’ हा पदार्थ या लेखनात कितपत सिद्ध झालेला आहे, हा प्रश्न त्या वादाच्या तळाशी होता.

‘बलुतं’च्या घाटाचा विचार या अंगाने करावयास हवा. पुस्तकाच्या आरंभी दोन माणसे समोरासमोर येतात : दगडू मारुती पवार आणि दया पवार. एक सांगतो, दुसरा ऐकतो. आणि हे दोघे एकच आहेत. या योजनेकडे समीक्षेने बहुधा एक कलात्मक क्लृप्ती म्हणून किंवा दुभंगलेल्या मध्यमवर्गीय दलित मनाचे प्रतीक म्हणून पाहिले. ते चुकीचे नाही, अपुरे आहे. दगडू हा इतिहासाने घडविलेला, गावकीत नेमून दिलेला, मुंबईच्या कावाखान्यात वाढलेला माणूस आहे. दया पवार हा शिकलेला, नोकरी करणारा, कविता लिहिणारा आणि लेखक म्हणून ओळखला जाणारा माणूस आहे. मिल्सच्या भाषेत बोलायचे तर एकाकडे चरित्र आहे आणि दुसऱ्याकडे त्या चरित्रामागचा इतिहास ओळखण्याची क्षमता. या दोहोंचा छेदनबिंदू बाहेरच्या कोणा अभ्यासकाने दाखवावा अशी वाट न पाहता लेखकाने तो निवेदनाच्या रचनेतच उभा केला आहे. समाजशास्त्रीय प्रतिभा येथे आशयाचा अर्थ लावण्यासाठी नंतर आणलेले साधन राहत नाही. तिचे घाटात रूपांतर झालेले आहे.

वतनाचा इतिहास या ठिकाणी थोडक्यात आठवणे इष्ट. महारकीची कामे आणि त्यांचा मोबदला यांना १८७४ च्या वतन कायद्याने वसाहतीच्या राज्ययंत्रणेत कायदेशीर चौकट मिळाली. त्यात सुधारणा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. परंतु कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल यावे लागले. दया पवारांच्या पिढीचे बालपण आणि तारुण्य या मधल्या काळात येते : व्यवस्था मोडकळीला आलेली, पण मोडलेली नाही, मुंबईच्या गोदीत, कारखान्यांत रोख मजुरी मिळत आहे, पण गावाकडचा वाटा सोडवत नाही. या काळाने माणसाला दोन हिशेबांत जगायला लावले, आणि ‘बलुतं’मध्ये गाव व शहर यांच्यात सतत होणारी ये-जा या दुहेरी हिशेबातून आलेली आहे. पुस्तकाचा विस्कळीतपणा म्हणून तिच्याकडे बोट दाखविणाऱ्या टीकेने हा काळ नीट वाचलेला नाही.

तथापि ‘बलुतं’ची खरी कसोटी याहून वेगळ्या ठिकाणी आहे. पहिली पत्नी सई हिच्याविषयी मनात रुजलेला संशय आणि त्यातून मोडलेला संसार हा भाग वाचताना मिल्सचे विवाहाचे उदाहरण आठवल्याशिवाय राहत नाही. येथे समाजशास्त्रीय स्पष्टीकरण सहज उपलब्ध आहे. दाटीवाटीची वस्ती, एकांताचा अभाव, बाहेर सतत नाकारल्या गेलेल्या पुरुषाने घरात गाजवावयाची सत्ता, स्त्रीच्या चारित्र्याविषयीचे वरच्या जातींकडून उसने घेतलेले दंडक, हे सर्व घटक मांडता येतात आणि ते सर्व खरेही आहेत. परंतु ते मांडून झाल्यावर सईचे काय उरते? स्पष्टीकरण जितके पूर्ण, तितकी जबाबदारी हलकी. व्यथेचे प्रश्नात रूपांतर होताना अपराधाचे वाफेत रूपांतर होते. दया पवारांनी हे होऊ दिलेले नाही. ज्या निवेदकाला आपल्या प्रत्येक अपमानामागची व्यवस्था ठाऊक आहे, तो या एका ठिकाणी व्यवस्थेच्या आड लपत नाही. आपल्या हातून अन्याय झाला ही बोच तो स्वत:जवळ ठेवतो. गावाने, जातीने, सरकारने दिलेल्या साऱ्या गोष्टींमध्ये ही एकच गोष्ट कोणी दिलेली नाही. ती त्याची स्वत:ची कमाई आहे. ‘बलुतं’मध्ये ‘स्व’ सिद्ध होतो तो विद्रोहाच्या प्रसंगांत नव्हे, या अपराधभावात. हा निष्कर्ष आपल्या समीक्षेला गैरसोयीचा वाटेल, कारण दलित साहित्याची चर्चा करताना ‘नकार’ आणि ‘विद्रोह’ यांखेरीज तिसरी कळ दाबण्याची तिला सवय नाही.

अनुभव एकाने पुरवावा आणि त्याचा सिद्धांत दुसऱ्याने रचावा, ही श्रमविभागणी भारतीय सामाजिक शास्त्रांत जातीच्या उतरंडीसारखीच काम करते, असे गोपाळ गुरू यांनी २००२ साली निदर्शनास आणले. पुढे सुंदर सरुक्काई यांच्याशी झालेल्या त्यांच्या वादसंवादातून ‘द क्रॅक्ड मिरर’ (२०१२) हा ग्रंथ सिद्ध झाला. दलित आत्मकथनांवरील मराठी समीक्षा या विभागणीतून सुटलेली नाही. लेखक ‘भोगतो’ आणि समीक्षक ‘आकलन करतो’, हे तिचे व्याकरण आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ने (१९८६) हे व्याकरण मुळातच खोटे ठरविले आहे.

औपचारिक शिक्षण अल्प असलेल्या, फलटणला किराणा दुकान चालविणाऱ्या या लेखिकेने महार समाजातील सासुरवासाचे जे विश्लेषण केले आहे, त्याला सिद्धांतच म्हणावे लागते. गावाने आपल्याला गुलाम केले; मग आपल्यालाही कोणी तरी गुलाम हवा म्हणून आपण घरात आलेल्या सुनांना गुलाम केले, असा तिच्या प्रतिपादनाचा आशय आहे. अपमान वरून खाली कसा झिरपतो आणि प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्याहून खालची पायरी का शोधतो, याचे हे सूत्र आहे. आंबेडकरांनी जिला क्रमिक विषमता म्हटले, ती जातीच्या उतरंडीवरून थेट चुलीपाशी आणून दाखविण्याचे काम येथे झाले आहे. सुनांच्या छळाची, नाक कापण्याची वर्णने ‘अंधश्रद्धा व रूढी’ या मथळ्याखाली नोंदविणारा प्रबंधकार या सूत्रावरून सरळ पुढे निघून जातो. आणि मग अखेरच्या प्रकरणात सिद्धांतासाठी पाश्चात्य ग्रंथांकडे वळतो.

‘जिणं आमुचं’ची रचना प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे, हे शीर्षकातूनच स्पष्ट होते. ‘मी’ तेथे फार थोड्या ठिकाणी, तोही मुलगी म्हणून, साक्षीदार म्हणून येतो. लग्नानंतरचे लेखिकेचे स्वत:चे आयुष्य पुस्तकात जवळजवळ नाही. त्याची उकल पुस्तकाबाहेर झाली. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की, संशयापोटी पतीची मारहाण त्यांनीही सोसली होती. लिहिलेले कागद त्यांनी वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले होते. हे पुस्तकात का आले नाही, या प्रश्नावर त्यांची भूमिका अशी की, त्यांना समाजाचे दु:ख सांगावयाचे होते. स्वत:चे दु:ख त्यापुढे मोठे नव्हते आणि ते बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला येणारेच होते.

हे उत्तर मिल्सच्या मांडणीपुढे एक विलक्षण पेच उभा करते. मारहाण सर्वांच्याच वाट्याला येते म्हणून ती सार्वजनिक प्रश्न ठरावी, असे मिल्सच्या तर्कातून निष्पन्न होते. बेबीताईंच्या उत्तरात ती सर्वांच्याच वाट्याला येते म्हणून सांगण्याजोगी ठरत नाही. सुनेचा छळ हा ‘आमुचं’ या शब्दात मावतो, कारण तो धर्मांतरपूर्व काळोखाचा भाग आहे आणि ग्रंथाची गती काळोखातून बाबासाहेबांच्या उजेडाकडे आहे. चळवळीनंतरच्या, शिकलेल्या घरातली मारहाण मात्र त्या गतीत बसत नाही. ‘आम्ही’ हे सर्वनाम एका समाजाला मुक्तीचे कर्तेपण देते आणि त्याच वेळी त्यातील अर्ध्या माणसांची एक व्यथा स्थगित ठेवते. पुस्तकाचा हा दोष आहे असे म्हणणे उथळपणाचे होईल. १९८० च्या दशकात, शत्रूपक्ष कान टवकारून बसलेला असताना, काय उच्चारावे याचा तो एका जाणत्या लेखिकेने केलेला निर्णय होता. आणि कागद लपवून ठेवाव्या लागणाऱ्या बाईने ‘आम्ही’ म्हणून लिहिणे यातील विसंगतीची पूर्ण जाणीव तिला असणारच.

शर्मिला रेगे यांनी ‘रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर’ (२००६) या ग्रंथात दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा विचार लॅटिन अमेरिकेतील ‘टेस्टिमोनिओ’ या साक्षलेखनाच्या प्रकाराशी जोडून केला. या लेखनातील ‘मी’ समूहाच्या वतीने साक्ष देतो आणि अधिकृत विस्मरणाला आव्हान देतो, ही त्यांची भूमिका यादीबाज समीक्षेच्या कितीतरी पुढची आहे. समाजशास्त्रज्ञ असूनही त्यांनी या पुस्तकांना तथ्यांचे कोठार मानले नाही, हे विशेष. तरीही साक्ष या कल्पनेला एक मर्यादा आहे. साक्षीदाराकडून न्यायासनाला जे हवे असते तेवढेच ऐकले जाते; त्याने मध्येच स्वत:शी केलेले बोलणे नोंदीत जात नाही. ‘जिणं आमुचं’साठी ही चौकट पुष्कळच समर्पक आहे, ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’साठी (२००३) ती तोकडी पडते.

‘आयदान’ हे नावही वस्तूचेच आहे. बांबूच्या कामट्यांपासून विणलेल्या सुपा-टोपल्यांना कोकणात हा शब्द आहे. पतीच्या निधनानंतर मुलांना वाढविण्यासाठी लेखिकेची आई ती विणीत असे. परंतु ‘बलुतं’ किंवा ‘उचल्या’प्रमाणे हे नाव इतरांनी मारलेला शिक्का नाही. ते श्रमाचे आणि कसबाचे नाव आहे, आणि आईचे विणणे व आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, असे लेखिका म्हणते. नावातील हा बदल पंचवीस वर्षांच्या अंतराने झालेला आहे, हे नजरेआड करता येत नाही.

‘आयदान’मध्ये रत्नागिरीच्या बाजाराकडे डोक्यावर ओझी घेऊन डोंगर तुडविणाऱ्या बायका आहेत, जातीचे चटके आहेत, स्त्रियांच्या संघटना आहेत. मीनाक्षी मून यांच्यासह आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात संकलित करणारी ही लेखिका ‘आम्ही’चे सामर्थ्य जाणून आहे. तरीही बेबीताईंनी जे दार लावून घेतले होते तेच ती उघडते. प्रेमाने केलेल्या विवाहातील पतीची नाराजी, एम.ए.च्या अभ्यासावरून आणि सभांवरून घरात होणारी कुरकुर, शरीराविषयीचे संकोच, तरुण मुलाच्या मृत्यूनंतरची पोकळी, हे सर्व ती लिहिते. आणि लिहिताना प्रत्येक वेळी त्याचा सामाजिक अर्थ सांगण्याची घाई करीत नाही. पतीच्या वागण्यात पुरुषसत्ता आहे हे तिला ठाऊक आहे, तो प्रेमळ माणूस आहे हेही ठाऊक आहे. ही दोन ज्ञाने ती एकमेकांत विरघळू देत नाही. मुलाच्या मृत्यूच्या संदर्भात तर कोणतीच व्यवस्था पुरेशी पडत नाही.

मिल्सच्या परतीच्या प्रवासाची वाट मराठीत सापडते ती येथे. समाजरचनेचे पूर्ण भान आल्यानंतर, ‘आम्ही’ हे सर्वनाम कमावल्यानंतर, एका दलित स्त्रीने आपल्या घरातील दु:ख हे आपले आहे असे म्हणणे, हा मिल्सच्या नकाशावरील आरंभबिंदू नव्हे. १९७८ पासून २००३ पर्यंतच्या लेखनाने, आणि त्यामागील दीर्घ लढ्याने, मिळविलेली ती जागा आहे. अशा जागी पोचलेल्या निवेदिकेचे पुस्तक हाती घेऊन पुन्हा तिच्या अनुभवाचे ‘स्त्रीजीवनाचे चित्रण’ करू पाहणारा अभ्यासक तिला चावडीवर परत बोलावीत असतो. मुलाविषयीची ती पाने त्याच्या कोणत्याही प्रकरणात बसत नाहीत, म्हणून बहुतेक प्रबंधांत ती आढळतच नाहीत.